शेवंतीच्या दिवशी ज्युडो

“या लोकायले कुस्ती काय असते ते एकडाव दाखवाच लागते,” शेषराव म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप असा काही टेबलावर ठेवला की जपानचा निकाल लागलाच म्हणून समजा.

हा कप ठेवला गेला ओसाकात, लेकीच्या घरी. रागिणी आणि जावई पियुष दोघंही तिथं नोकरीला. दिवाळीचा फुलांचा माल निघाला, मळा भावाच्या हवाली केला आणि शेषराव व माणिकबाई वलगावहून थेट जपानात येऊन पोचले.

शेषराव तरुणपणी पैलवान होते. अमरावतीच्या आसपासच्या कुस्तीच्या आमदंगली त्यांनी बऱ्यापैकी गाजवल्या होत्या. “माह्या पाठीले कोणी माती लावली नाई,” हे वाक्य ते लग्नात, तेरवीत, भाजीबाजारात, कुठंही नेऊन बसवत. पुढं पैलवानकी सुटली, पोट सुटलं, पण ते वाक्य काही सुटलं नाही.

खरं तर हा प्रवास माणिकबाईंचा होता. मळ्यातली शेवंती म्हणजे त्यांचंच राज्य. खत किती, पाणी कधी, कोणती कळी खुडायची, यात शेषरावांना बोलायची मुभा नव्हती. रागिणीनं मागच्या वर्षी जपानहून एक व्हिडिओ पाठवला होता. शहरातल्या मोठ्या बागेत शेवंतीचं प्रदर्शन. एकाच रोपाला शेकडो फुलं, घुमटासारखी गोल रचलेली. एकेक फूल असं की ओंजळीत मावू नये. माणिकबाईंनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की घरात कुणी त्यांचा मोबाइल उघडला तरी आधी शेवंतीच दिसे. मग पासपोर्ट काढल्यापासून गावात ज्यानं त्यानं विचारलं, त्याला त्यांनी एकच उत्तर दिलं. “जपान कायले पाह्यतो बाप्पा? मी शेवंती पाहाले चालली.”

पियुष-रागिणीला सुटी फक्त रविवारी. पहिला रविवार शेषरावांच्या बुलेट ट्रेनमध्ये गेला. उरला दुसरा, आणि प्रदर्शनाचा तोच शेवटचा दिवस होता.

आणि नेमकं आदल्या आठवड्यात शेषरावांनी संध्याकाळी पियुषबरोबर फिरायला जाताना एका खिडकीतून ज्युडोचा वर्ग पाहिला. आत पांढरे जाड अंगरखे घातलेली माणसं एकामागून एक पाठीवर पडत होती. पडली की हातानं गादीवर थाप मारत होती, उठत होती, परत पडत होती. शेषराव खिडकीला नाक लावून खो-खो हसले.

“जवाईबापू, हे तं सारेच्या सारे हारूनच राहिले.”

आतल्या गुरुजींनी त्यांना पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन बोलावलं. बुटके, पांढऱ्या केसांचे, गोड हसणारे गृहस्थ. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजीच. पियुषला कामापुरती जपानी येत होती. त्यानं सांगून टाकलं की हे माझे सासरे, भारतातले मोठे पैलवान. गुरुजींनी आणखी खाली वाकून रविवारी सकाळच्या पाहुण्यांच्या वर्गाला यायचं आमंत्रण दिलं.

आता या आमंत्रणाला नाही कसं म्हणायचं? शेषरावांच्या मते प्रश्न वलगावच्या इभ्रतीचा होता.

“आधी फुलं पाहून घेऊ,” माणिकबाई म्हणाल्या, “मंग तुमी काय लोळायचं ते लोळा.”

“अवं, तासाभराचं काम हाय. बाग किती वाजेपर्यंत उघडी रायते?”

“चार वाजेपर्यंत, बाबा,” रागिणी म्हणाली. “पण आज शेवटचा दिवस आहे, रांग असते.”

“मंग काय घाई हाय? गुरुजीले एक डाव दाखवतो अन् निंगतो.”

माणिकबाई नवी अंजिरी साडी नेसून, त्यावर लेकीनं घेतलेले पांढरे बूट घालून पहाटेपासून तयार होत्या. बागेत बसून खायला तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. तो डबा मांडीवर घेऊन त्या वर्गाच्या कडेच्या बाकावर रागिणीशेजारी बसल्या आणि समोरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या.

शेषरावांना अंगरखा मिळाला. तो खांद्यात बसला, पोटावर मात्र त्याची दोन टोकं एकमेकांना ओळख दाखवीनात. पियुष आणि आणखी एका सज्जन जपान्यानं मिळून कसाबसा पट्टा आवळला. शेषरावांनी गादीला हात लावून कपाळाला लावला. आखाड्यातल्या हौद्याची माती लावायची जुनी सवय. ते पाहून गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या वर्गाकडून तसंच करून घेतलं. सुरुवात झकास झाली.

मग गुरुजी काहीतरी बोलले आणि स्वतः अलगद पाठीवर पडून दाखवलं.

“ते म्हणतात, आधी पडायला शिकायचं,” पियुषनं सांगितलं. “पहिल्या दिवशी सगळे पडतात.”

“मी पडाले नाई आलो. पाडाले आलो. सांगा त्यायले.”

हे जसंच्या तसं सांगायची पियुषची छाती झाली नाही. तो म्हणाला, सासऱ्यांना पडायची सवय नाही. गुरुजींनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांना वाटलं, पाहुणे घाबरले. त्यांनी दोघा शिष्यांना पिटाळून एक भली जाड गादी आणवली, शेषरावांसमोर अंथरली, आणि धीर यावा म्हणून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.

शेषरावांना वाटलं, मैदान आपल्यासाठी मांडलं. टाळ्या आपल्याला पडताहेत. त्यांचं अंग तापलं. गुरुजींनी त्यांच्या अंगरख्याची कॉलर हलकेच धरली, तसा शेषरावांनी मांडीवर फाडकन शड्डू ठोकला.

गुरुजींनी लगेच कॉलर सोडली, दोन पावलं मागं गेले आणि वाकले.

“पाह्यलं का?” शेषरावांनी बाकाकडे वळून विचारलं. माणिकबाईंनी हातानं घड्याळ दाखवलं.

गुरुजींनी पुन्हा धरलं. शेषरावांनी पुन्हा शड्डू ठोकला. गुरुजींनी पुन्हा सोडलं, पुन्हा वाकले. असं झालं की शेषराव मोठ्या मनानं स्वतःही वाकत. पुढच्या खेपेला तर गुरुजींनी धरायच्या आधीच त्यांनी शड्डू ठोकला, आणि गुरुजी चिंतेत पडले. पियुषला बाजूला घेऊन काहीतरी विचारू लागले.

“काय म्हणतेत गुरुजी? माघार घेतली काय?”

“मामाजी,” पियुष हळूच म्हणाला, “ते विचारतायत तुम्हाला कुठं दुखतंय का. इथं थाप मारली म्हणजे, ते... हरलो, सोडा, असा अर्थ होतो.”

“कोण हारलं?”

“तुम्ही. आत्तापर्यंत प्रत्येक वेळी.”

शेषरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सारा वर्ग त्यांच्याकडे अतिशय प्रेमानं पाहत होता, आणि त्या प्रेमानंच घात केला. वर्ग हसला असता तर शेषराव कदाचित स्वतःही हसले असते.

“आई, अकरा वाजून गेले,” बाकावर रागिणी म्हणत होती.

शेषरावांनी ते ऐकलं. ऐकूनही ते पुढं झाले, गुरुजींचा पट्टा धरला आणि ढाक लावायला आत शिरले. ढाक म्हणजे त्यांचा जुना हुकमी डाव. आता गुरुजींचं सारं आयुष्य ज्युडोत गेलेलं. कुणी असं आत शिरलं तर त्यांचं अंग त्यांना विचारत बसत नाही. ते वळले, खाली बसल्यासारखे झाले, आणि शेषरावांचे पाय जपानच्या भूमीवरून सुटले.

खरं म्हणजे तिथंही काही बिघडणार नव्हतं. गुरुजींनी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. खाली ती गुबगुबीत गादी होती. पाळण्यात लेकराला ठेवावं तसे ते पाठीवर ठेवले जाणार होते. पण पाठीवर! शेषरावांनी हवेतच सगळी ताकद लावून अंग पालथं फिरवलं. गुरुजींच्या हातातून बाही सुटली, शेषराव गादीच्या कडेवरून पलीकडे पोटावर आपटले आणि उजवा हात खाली सापडला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. बाकापर्यंत ऐकू गेला.

सगळे धावले. पालथ्या पडलेल्या शेषरावांनी मान वर केली.

“पाठ नाई लागली,” ते म्हणाले.

पियुषनं याचं भाषांतर केलं नाही.

रविवारी उघडं असलेलं हॉस्पिटल शोधण्यात वेळ गेला. मनगट मोडलं होतं. आधी फोटो काढायचा, मग डॉक्टर येणार, मग हाड बसवून प्लास्टर. गुरुजी टॅक्सीतून सोबत आले होते आणि बाकड्यापुढं उभे राहून पुन्हा पुन्हा वाकत होते.

“आता काय म्हणतेत?” शेषरावांनी डोळे मिटून विचारलं.

“माफी मागतायत. म्हणतात, बाही सुटायला नको होती, चूक माझी.”

चूक कुणाची ते शेषरावांना चांगलं माहीत होतं. ते सांगायला जपानी लागत नव्हती, आणि तरी ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दीड वाजला. रागिणी आईजवळ येऊन म्हणाली, “आई, पियुष आहे इथं बाबांजवळ. आपण दोघी जाऊन येऊ. तासाभरात पाहून होईल.”

माणिकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “जाऊ काय? तुमाले बरं वाटते?”

जा म्हणायचं होतं. एवढाच शब्द होता. पण तेवढ्यात नर्स आली आणि डॉक्टर हाड ओढून बसवणार आहेत, असं पियुषनं सांगितलं. वलगावच्या पैलवानानं डाव्या हातानं बायकोचा पदर धरला.

“दुखन काय वं लय?” त्यांनी विचारलं.

माणिकबाई पुन्हा बाकड्यावर बसल्या. “तू बी थांब,” त्या लेकीला म्हणाल्या. “मी नाई जात.”

प्लास्टर झालं, गोळ्या मिळाल्या, हात गळ्यात बांधला गेला, तेव्हा चार वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत माणिकबाईंनी डबा उघडला आणि आपल्या हातानं शेषरावांना पुऱ्या भरवल्या. गुरुजींनाही दोन दिल्या. ते ठसक्यानं कासावीस झाले, पण वाकून वाकून त्यांनी त्या संपवल्या.

परतीची टॅक्सी बागेवरूनच गेली. फाटकाबाहेर ट्रक उभे होते आणि माणसं कुंड्या चढवत होती. फुलांना धक्का लागू नये म्हणून एकेका फुलाभोवती पांढरा कागद बांधलेला. कागदाचे नुसते गोळे दिसत होते, मोठमोठे. माणिकबाईंनी काचेवर हात ठेवला आणि टॅक्सी वळेपर्यंत त्या मागं पाहत राहिल्या. शेषराव वाट पाहत होते की ही आता बोलेल, मन भरून शिव्या देईल. पुढच्या सिग्नलवर माणिकबाईंनी विचारलं, “पिशवी ठेवू काय हाताखाली?”

जपानहून गावी परतताना ते आधी अकोल्याला उतरले. माणिकबाईंचे भाऊ देवीदास स्टेशनवर घ्यायला आले होते. घरी भाऊजय आशाबाईंनी शेजारच्या चार बायका आधीच जमवून ठेवल्या होत्या.

“पाह्यली काय शेवंती?” ताटं वाढताच आशाबाईंचा पहिलाच प्रश्न.

शेषरावांचा घास डाव्या हातातच राहिला. आता सगळं बाहेर येणार, आणि यावंच, असं त्यांना वाटलं.

“पाह्यली तं,” माणिकबाई म्हणाल्या. “काय सांगू तुमाले. एका झाडाले शेकडो फुलं. पिवळी, पांढरी, जांभळी. खाली काळी मखमल अंथरल्यावानी माती. माणसं हळू आवाजात बोलत होते, देवळात बोलते तसे.”

बायका पुढं सरकून ऐकत होत्या. माणिकबाई सांगत राहिल्या. वास कसा होता, पाकळ्या कशा वळल्या होत्या, पानावर एक किडा नव्हता. व्हिडिओत नसलेलंही कितीतरी त्या सांगत होत्या. गावभर सांगून गेलेल्या बाईला आता दुसरं काय सांगता येणार होतं?

“अन् फोटो?” एकीनं विचारलं.

“फोटो काढाच्या वक्तालेच हे पडले,” माणिकबाई सहज म्हणाल्या. “फुलं पाह्यता पाह्यता पाय घसरला त्यायचा.”

देवीदास हसले. “काय भाऊजी, पैलवान माणूस अन् फुलं पाहून पडले?”

सगळे शेषरावांकडे पाहू लागले. ज्युडो, गुरुजी, हवेतली कलाटणी, सगळं त्यांच्या जिभेवर आलं. वलगावच्या पारावर जन्मभर पुरेल असा मालमसाला होता. त्यांनी तो गिळला.

“पडलो,” ते म्हणाले. “फुलंच तशी होती.”

दुपारी देवीदासांनी करून दिलेल्या गाडीतून दोघं वलगावला निघाले. मूर्तिजापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. शेषरावांनी घसा साफ केला.

“रागिणीची माय, मी त्या दिवशी तुले जा म्हणाले पायजे होतं.”

“राहू द्या आता.” माणिकबाई बाहेर पाहत होत्या. मग वळून त्यांनी विचारलं, “पण खरंच केवढी असन हो ती फुलं? त्या कागदायवरून तुमाले काय वाटलं?”

शेषरावांनी माप दाखवायला हात उचलला. डावा वर आला, उजवा गळ्यातच राहिला, आणि एका हातानं काही फुलाचं माप दाखवता येईना.