सुंदरबाईच्या फ्रिजमधली डबी

सुंदरबाईच्या फ्रिजमध्ये कांदा-लसणालासुद्धा मज्जाव होता. आणि आज तिथं, दह्याच्या भांड्याला खेटून, तिच्या नवऱ्याच्या मानेतली गाठ बसली होती.

मानेत बऱ्याच गाठी होत्या, त्यातली एक डॉक्टरांनी सकाळी काढली. "शेठजी, शरीराचे पहारेकरीच, म्हणजे पांढऱ्या पेशी, उलटलेत. त्यांना कोण चिथावतंय, विषाणूचा हात आहे का, हे तपासल्यावर औषध ठरेल. पण गाठीतल्या पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. आमचा फ्रिज नेमका बिघडलाय. नागपूरच्या प्रयोगशाळेची गाडी येईपर्यंत डबी तुमच्याकडं थंड ठेवा."

देवेंद्रकुमार शेठजींनी पट्टीवर मफलर गुंडाळला, तोही वाशीमच्या मे महिन्यात! बायकोला म्हणाले, "सर्दीचं औषध हाय, हात लावू नको," आणि घरापुढच्या आपल्या कापडदुकानात जाऊन बसले. असं सांगून बायको हात लावणार नाही, हे मानायला माणूस बिनलग्नाचा असावा लागतो.

"अहो! हे तं मांस हाय!" सुंदरबाई डबी घेऊन दुकानात आली. "माह्या घरात? कोनाचं हाय हे?"

समोर इंझोरीचा पुंजाजी पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधत होता.

"याचं," शेठजींच्या तोंडून निघून गेलं.

पुंजाजी चाटच पडला. पण शेठजींचा पांढराफटक चेहरा पाहून म्हणाला, "हो बाई, माहीच गाठ हाय. मानीतली."

"मंग आमचं घर काहून बाटवून राह्यला?" तिनं डबी अंगणात उन्हात आपटली, दही फेकलं, फ्रिज बंद करून धुवायला घेतला.

"अवं, ते थंड..."

"तुमी गप बसा!"

शेठजी गप्प बसले. कॅन्सर म्हटलं की ही खचेल, म्हणून गप्प बसले. आग लागो असल्या शहाणपणाला!

फ्रिज लख्ख झाल्यावर बाईला दया आली. "लय दुखते का रे, पुंजाजी? पाहू दे."

पुंजाजीची मान उघडी होती. रापलेली, धडधाकट. सुंदरबाई नवऱ्याकडं वळली. मफलराखालून घाम गळत होता. तिनं मफलर ओढला, पट्टी पाहिली आणि अंगणात धावली. अभिषेकाच्या दुधासाठी राखलेल्या कप्प्यात तिनं स्वतःच्या हातानं डबी ठेवली.

"मले सांगतलं काहून नाई?" ती हुंदके देत राहिली.

शेठजींनी डॉक्टरांना फोन लावला. "उन्हात? अहो, मेल्या सगळ्या पेशी! पुन्हा दुसरी गाठ कापावी लागेल."

"काय म्हनते डाक्टर?" पुंजाजीनं विचारलं.

"मेल्या म्हनते."

"मंग चांगलंच झालं ना, शेठजी!"

"डबीतल्या मेल्या, बापा," शेठजी म्हणाले. "मानीतल्या जित्याच हायेत."