बारावा बेडूक

मोजणीच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकतीस वर्षं मी यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो आणि एकतीस वर्षांत एक नटसुद्धा कमी भरला नाही. त्यामुळे पुतणीने जेव्हा विचारलं, "काका, तीन दिवस बारा बेडूक सांभाळाल का?" तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "बाराशे आण."

पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. वय एकोणतीस, पण घरात अजून छकुलीच. सहा वर्षं ती डोंगरातल्या बेडकांवर पीएच.डी. करतेय. खरं तर तिला बेडूक म्हटलेलं चालत नाही. कोरड्या, खडबडीत पाठीचा असला की त्याला भेक म्हणायचं. मी बेडूकच म्हणतो आणि ती सोडून देते.

तिचा विषय तिने मला एकदा भाजी निवडता निवडता समजावला होता. "काका, डोंगर उभा राहायच्या आधी हे सगळं एकच कुटुंब होतं. मग मध्ये डोंगर आला. वर थंड आणि कोरडं, यांना तिथून जाता येईना. इकडचे इकडे राहिले, तिकडचे तिकडे. लाखो वर्षं गेली. आता दिसायला सारखे, पण आतून दोन वेगळ्या शाखा."

"भांडण नाही, तंटा नाही?"

"काहीच नाही. नुसती वाट नाही."

माझा हात भाजीतच थांबला. दादा आणि मी एकाच इमारतीत राहतो, शेजारच्या दोन विंगांत, चौथ्या मजल्यावर. आमच्या बाथरूमची भिंत तीच त्यांच्या बाथरूमची भिंत. पण जिने वेगळे. त्याच्याकडे जायचं तर चार मजले उतरा, वळसा घाला, चार मजले चढा, आणि लिफ्ट कुठेच नाही. आधी रोज जायचो. मग गुडघे कुरकुरायला लागले, मग फोनवर भागू लागलं, मग छकुलीबरोबर निरोप. आमचं भांडण कधी झालं नाही, हेच वाईट झालं. झालं असतं तर मिटवायला तरी कुणी जिना चढला असता.

तर, छकुलीच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत डोंगराच्या पूर्वेकडचे बारा बेडूक आमच्या बाथरूममध्ये आणि पश्चिमेकडचे बारा दादाच्या. जाळीने झाकलेले हे दोन्ही टब एका घरात ठेवायचे नाहीत, एक जरी मिसळला तर सहा वर्षं पाण्यात. "अजून कुणावर खूण केलेली नाही," ती म्हणाली. "सोमवारी तोंडातून कापूस फिरवून नमुने घेईन. तोवर जाळी उघडायची नाही."

मी शनिवारी जाळी उघडली.

कशाला, तर मोजायला. जाळीतून कधी अकरा भरायचे, कधी तेरा. माल ताब्यात घेतला की आपल्या हाताने मोजावा, हे मला वडिलांनी शिकवलेलं. तेही स्टोअरकीपरच होते. मी नवव्यापर्यंत आलो आणि बाहेरून बायकोने विचारलं, "तासभर आत काय चाललंय?" मी वळून "नऊ" म्हणालो. पुन्हा मोजले तर अकरा.

दोन दिवस घर उलथंपालथं केलं. बादल्या पाहिल्या, चपला झटकल्या, सोफा उभा केला. बायको म्हणाली, "पोरीला खरं सांगून टाका." मी म्हटलं, "आधी शोधतो." सोमवारी पहाटे मी इमारतीमागच्या बागेत गेलो. तिथे माळ्याच्या नळाखाली कायम ओल असते आणि ओलीत बेडूक असतात. त्याच मापाचा, त्याच रंगाचा एक उचलला आणि टबात सोडला. गोदामात याला बदली माल म्हणतात.

छकुलीने मोजले, बरोबर बारा. "काका, तुमच्यासारखं कुणी नाही," ती म्हणाली. ते वाक्य मला आठवडाभर पचलं नाही.

त्यात गुरुवारी खरा बारावा वॉशिंग मशीनमागून बाहेर आला, ठणठणीत. आता याचं काय करायचं? नमुने तर गेले होते. बादलीत ओली माती घालून त्याला ठेवला, वर जाळी बांधली आणि झुरळं पकडून खायला घालू लागलो. आपल्या घरात झुरळं आहेत हे बायकोला वीस वर्षं मान्य नव्हतं. आता तीच "आज दोनच मिळाली" म्हणून हळहळू लागली.

तीन आठवड्यांनी छकुली धापा टाकत आली. अहवाल आला होता. पूर्वेकडचे अकरा एका शाखेचे, पश्चिमेकडचे अकरा दुसऱ्या. पण दोन्हीकडचा एकेक त्या कशातच बसत नव्हता, आणि ते दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ असावेत इतके जवळचे होते. "डोंगराच्या दोन्ही बाजूंना तिसरीच शाखा आहे, काका. म्हणजे कुठेतरी खिंड असणार, कुणाला माहीत नसलेली." दोन शाखांचं जुनं प्रकरण तिने प्रबंधातून काढूनच टाकलं होतं. शुक्रवारी ती हे जाणकारांच्या सभेत मांडणार होती.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. पण मग वाटलं, पूर्वेचा घोटाळा माझा. पश्चिमेच्या टबात तसाच कुठून आला? म्हणजे नळाखालच्या बेडकाचं गणगोत खरोखरच डोंगरापलीकडे असणार. एक अख्खा दिवस मी विज्ञानाला हातभार लावल्याच्या समाधानात घालवला.

"दादांना विचारा ना," बायको म्हणाली.

"दादाला काय विचारायचं? तो माझ्याहून काटेकोर."

गुरुवारी संध्याकाळी छकुलीने भाषणाच्या तालमीला सगळ्यांना दादाकडे बोलावलं. आठ महिन्यांनी मी तो जिना चढत होतो. तिने भिंतीवर वंशावळीचा तक्ता लावला आणि छडी घेतली. "हे खरं ठरलं तर माझं आयुष्याचं काम ठरलं," ती म्हणाली. "खोटं ठरलं तर पुन्हा कुणी दारातही उभं करणार नाही."

मी उभा राहिलो. वाक्य तयार करून आणलं होतं, ते विसरलो. "तो पूर्वेकडचा बारावा आपल्या बागेतला आहे गं. नळाखालचा. मी ठेवला."

ती खाली बसली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मग तिने हळूच विचारलं, "आणि पश्चिमेकडचा?"

दादा चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "नळाखालचाच," तो म्हणाला. "मी रविवारी नेला."

"बाबा, तुम्ही जाळी का उघडलीत?"

"मोजायला," दादा म्हणाला. आणि त्याच्याबरोबर मीही.

"तुम्ही दोघांनी ठरवून केलंत हे?"

"आठ महिन्यांत बोललोच नाही," मी म्हटलं.

"खाण तशी माती," वहिनी म्हणाली, आत गेली आणि बाथरूममधून एक बादली घेऊन आली. वर जाळी, आत ओली माती, मातीत बेडूक. त्यांचाही नंतर सापडला होता. मी चार मजले उतरलो, चार चढलो, माझी बादली घेतली आणि तसाच परत आलो. बादली हातात असताना गुडघे आठवलेच नाहीत. छकुली आधी रडली, मग हसली, मग दोन्ही बेडकांना दोन खोल्यांत ठेवून नमुने घेतले.

शुक्रवारी तिने दोन नमुने रद्द करून जुनंच प्रकरण मांडलं. कुणी थक्क झालं नाही, कुणी हसलंही नाही. पुढे खऱ्या बाराव्यांचे निकाल आले, ते आपापल्या शाखेत चोख बसले. दादा आता एक दिवसाआड येतो आणि प्रत्येक मजल्यावर थांबून मला शिव्या घालतो.

प्रबंध छापून आला तेव्हा मी आधी आभाराचं पान उघडलं. माळ्याचेसुद्धा आभार आहेत, आमचे नाहीत. मग शेवटी 'नमुन्यांतील त्रुटी' नावाचं परिशिष्ट सापडलं. त्यात आम्ही आहोत, दोघेही, एकाच ओळीत.