दुधीचे ठोके ब्याऐंशी

आमच्या इमारतीच्या गणपतीत आरती सुरू झाली की सगळे देवाकडे बघतात. हिराजीदादा स्वतःच्या मनगटांकडे बघतात. तेही दोन्ही. डाव्या मनगटावर रबरी पट्ट्याचा बारीकसा फिटनेस बँड, उजव्यावर चौकोनी स्मार्टवॉच. यंदा आरती संपली, लोक प्रसादासाठी हात पुढे करू लागले आणि दादांनी निकाल जाहीर केला.

"टाळ्या वाजवून बँडवर एकशे बारा पावलं पडली. घड्याळावर चौसष्ट. मी जाग्यावरून हाललोच नाय. आता बोला."

सेक्रेटरींनी त्यांच्या तळहातावर पेढा ठेवला आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

हिराजीदादा तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर राहतात. मूळचे उरणकडच्या गावातले, मिठागरवाल्या घरातले. मिठागरं गेली आणि दादा कळंबोलीच्या लोखंडबाजारात वजनकाट्यावर लागले, त्याला सव्वीस वर्षं झाली. ट्रक रिकामा चढवायचा, वजन घ्यायचं; भरून आणायचा, परत वजन घ्यायचं; मधला फरक तो माल. काम एवढंच. पण दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर गाडीतच बसून राहिला तर सत्तर किलो लोखंड हवेतून तयार होतं. त्यामुळे जगातला कुठलाही आकडा ऐकला की दादा विचारतात, "ड्रायव्हर उतरवला का?" मी म्हणावं, माझ्या क्लासला पन्नास मुलं आहेत. दादा म्हणणार, "ड्रायव्हर उतरवून सांगा, सर." मग मी मुकाट्यानं फक्त नाव नोंदवून गेलेली बारा मुलं वजा करतो.

माझे कामोठ्याला गणिताचे क्लास आहेत. मी गणितवाला, म्हणून माझा शब्द दादा प्रमाण मानतात. माझा अपराध इथेच सुरू होतो. तो शेवटपर्यंत झाकून ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून आधीच सांगतो.

मे महिन्यात सुगंधावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. काट्यावर गाडी असताना फोन खणात ठेवायचा, हा दादांचा स्वतःचा नियम. माझ्या बायकोनं त्यांना अकरा फोन केले आणि शेवटी वहिनींना रिक्षात घालून तिनंच दवाखान्यात नेलं. दादा पोचले ते दोन तासांनी. हृदयाचा ठोका मधूनच चुकतो असं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, रोज अर्धा तास चाला, एकट्या गेलात तरी चालेल. वहिनी खूश झाल्या. पनवेलचा वडाळे तलाव आमच्यापासून दहा मिनिटांवर. पण दादा म्हणाले, "आधी यंत्र. मग चालणं." त्यांचा स्वतःचा गुडघा कामातून गेलेला, ड्यूटी बारा तासांची, रोज सोबत जाणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणजे यंत्र येईपर्यंत वहिनी घरात. यंत्र कुठलं घ्यायचं ते माझ्या सल्ल्यानं ठरायचं होतं, आणि मी ते चार महिने ठरू दिलं नाही.

प्रश्न तसा सोपा होता. बँड हलका, स्वस्त, एकदा चार्ज केला की आठ-दहा दिवस बघायला नको. पावलं मोजतो, ठोके मोजतो, गप्प बसतो. स्मार्टवॉच जड, महाग, रोज चार्ज करायचं. पण त्यावरून फोन लागतो आणि माणूस पडला तर ते आपणहून घरच्यांना कळवतं. वहिनींना बँड हवा होता.

"या हातात बांगड्या, त्या हातात बांगड्या," त्या म्हणाल्या. "तो टीव्ही बसवू कुठं?"

"बांगड्या मागं सार," दादा म्हणाले.

"तुमी सारून दाखवा आधी."

मी मध्ये पडलो आणि म्हणालो, दोन्ही तपासून बघू. वजनकाट्यावरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, याची मला कल्पना नव्हती असं म्हणवत नाही. होती.

मग चाचण्या सुरू झाल्या. ऑर्डर माझ्या फोनवरून जायची. दहा दिवसांत माल परत करता येतो, हे कळल्यावर दादा नऊ दिवस तपासायचे आणि दहाव्या दिवशी परत पाठवायचे. कुरिअरवाला इतका ओळखीचा झाला की यंत्र देताना तो विचारायचा, "काका, हे राहणार की मी शुक्रवारी येऊ?"

पनवेल ते कळंबोली शेअर रिक्षात बसून गेलं की बँडवर तीनशे चाळीस पावलं पडायची. "खड्ड्यांची," दादा म्हणाले आणि वहीत वजा करून टाकली. वहिनी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या की घड्याळानुसार त्या एका जागी बसून अर्धा किलोमीटर जाऊन यायच्या. उलट, दादा एका रविवारी नेहमीसारखे पाठीमागे हात बांधून तलावाला लंगडत लंगडत अख्खी चक्कर मारून आले, आणि बँडच्या मते ते बहुतेक वेळ बसून होते. तासानं तो थरथरला आणि त्यावर सूचना आली की आता थोडं चाला.

"सर, हा मला चाला सांगतोय," दादा जिना उतरून माझ्या दारात उभे. "मी काय झोपलो होतो?"

मग पडण्याची चाचणी. एका सुट्टीच्या दुपारी आमच्या छतावर धप्प असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा. मी धावत वर गेलो तर दादा गादीवर पडत होते आणि वहिनी खुर्चीत बसून मोजत होत्या.

"नववं," त्या मला म्हणाल्या. "घड्याळाला अजून पत्ता नाय."

दादा सरळ पडले, कुशीवर पडले, कोलमडून पडले. घड्याळ ढिम्म. आणि त्याच आठवड्यात ते देवळात नारळ फोडायला गेले. नारळ आपटला मात्र, चाचणीसाठी नंबर दिलेल्या माझ्या फोनवर निरोप आला की हिराजी पडले आहेत, त्वरित मदत पाठवा, सोबत देवळाचा नकाशा. मी भर क्लासमध्ये समीकरण अर्धवट टाकून पळालो. देवळात पोचलो तर दादांनी मला खोबरं दिलं.

पण सगळ्यांवर कडी केली ती दुधीनं. बाजारातून आणलेला दुधी ओट्यावर पडला होता. दादांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी घड्याळ काढून त्याला बांधलं. मी समोर होतो. हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावरचं चक्र विचार करावा तसं फिरलं आणि आकडा आला: ब्याऐंशी.

दादांनी ते सोडलं. मग बँड बांधला. त्याच्या मते दुधीचे ठोके सत्तर.

"सर," दादा हळूच म्हणाले, "दुधी जिवंत हाय का?"

मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. हे दिवे अंगावरून परत येणारा उजेड मोजतात, त्यातून कधी कधी असा खोटा आकडा निघतो, मनगटावर घट्ट बांधलं की बरोबर चालतं, हे सगळं मी त्यांना नंतर समजावलं. ते ऐकत होते, पण हसले नाहीत. वहिनींनी दुधी चिरायला घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "ब्याऐंशीवाला गेला बघा." तेव्हाही दादा हसले नाहीत.

त्या रात्री जेवताना त्यांनी वहिनींना सांगितलं म्हणे, की यंत्रं सगळी सारखीच दिसतात, तुला बँड आवडलाय तर बँडच घेऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तसं कळवलंही. आणि मी काय केलं? मी त्यांना एका नव्या घड्याळाचा व्हिडिओ पाठवला. हे थेट हृदयाचा आलेख काढतं, असं लिहून. मला ठाऊक होतं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. क्लास, घर, पुन्हा क्लास, या माझ्या दिवसात दादांबरोबरचा तो अर्धा तास मला सगळ्यात आवडायचा. तो संपू नये म्हणून मी व्हिडिओ पाठवला. एकदा नाही, त्यानंतर आणखी दोनदा. एक व्हिडिओ म्हणजे साधारण दोन आठवडे.

नवरात्राच्या आधी एक दिवस बायको वरून खाली आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी विचारत होत्या, तलावात यंदा कमळं आलीत का."

"मग?"

"मग काही नाही. दहा मिनिटांवर राहतात. मला विचारतायत." तिनं देठ बाजूला टाकला. "तुमच्या दोघांचा खेळ चाललाय, चालू दे."

मी तसाच वर गेलो. दादा टेबलाशी वही उघडून बसले होते, समोर तीन यंत्रं चार्जिंगला. वहिनी आत काहीतरी परतत होत्या. मी दादांना सगळं सांगून टाकलं: व्हिडिओ मी गंमत म्हणून पाठवत होतो, यंत्रात तसा मोठा फरक नाही, बँड दोन महिन्यांपूर्वीच घ्यायला हवा होता, चूक माझी आहे.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वही मिटली.

"तुमी कशाला चुकताय, सर. तुमी पाठवलं नसतं तर मीच शोधलं असतं." मग त्यांनी तिन्ही यंत्रांच्या वायरी काढल्या. "काट्यावर वजन चुकलं तर काय करतो आमी? गाडी मागं घेतो, परत चढवतो. सव्वीस वर्षांत किती गाड्या परत चढवल्या असतील. त्या दिवशी खणात फोन वाजत होता आणि मी सळ्यांची गाडी मोजत होतो. ती पडली तवा मी तिथं नव्हतो, हे परत कसं चढवू? यंत्र घेतलं की ती एकटी जाणार. म्हणून मग यंत्रात खोट निघाली की मला... बरं वाटतं."

आत परतण्याचा आवाज मघाशीच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दूध आणायला निघालो तर वहिनी जिन्यानं उतरत होत्या. नवी चप्पल, खांद्यावरून पदर घेतलेला, हातात फक्त बांगड्या. बँड नाही, घड्याळ नाही. "तलावावर जाऊन येते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी फाटकाशी उभा असताना दोनेक मिनिटांनी दादाही उतरले. पायात न्हाणीघरातल्या स्लिपर, आणि सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ड्यूटीवर निघायची त्यांची हीच वेळ; सव्वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी काट्यावर खाडा केला होता.

दूध विसरून मी पलीकडच्या रस्त्यानं तलावावर गेलो. माझ्यामुळे चार महिने उशीर झालेलं ते चालणं मला बघायचं होतं. वहिनी कठड्याच्या कडेनं चालल्या होत्या, छान ताठ मानेनं. पन्नासेक पावलं मागे दादा, लंगडत, माणसांच्या आडून. मी समोरून गेलो तेव्हा वहिनी चप्पल नीट करायला खाली वाकल्या होत्या.

"पट्टा तुटला का वहिनी?"

"नवी हाय, कशाला तुटेल." त्या वाकलेल्याच राहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागं बघू नका. येतायत ना?"

"येतायत."

"त्यांचा गुडघा. जरा थांबल्याशिवाय त्यांना जमत नाय."

मी न राहवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दादा कठड्याला धरून उभे होते, एका हातानं गुडघा चोळत, तोंड तलावाकडे. जणू कमळं मोजायला आले होते. वहिनी वाकून पट्टा उगाचच सोडत होत्या, पुन्हा लावत होत्या. असं दोन-तीन वेळा झालं.

"निघाले का?" त्यांनी विचारलं.

"निघाले," मी म्हणालो.

मग त्या उठल्या आणि चालू लागल्या.