छातीकवच आणि पाच पराती

क्षिप्राला वाटलं होतं, आपण परत आलो की नागाव बदलायला फार तर सहा महिने लागतील. नेदरलँड्समध्ये तीन वर्षं शिकून ती थ्रीडी प्रिंटर, हीट गन आणि 'निर्मितीची साधनं सगळ्यांची असतात' हे एक वाक्य घेऊन आली होती. प्रत्यक्षात प्रिंटरला पडवीत नारळांच्या ढिगाशेजारी जागा मिळाली, खाऱ्या हवेने त्याची प्लॅस्टिकची तार दमट झाली, आणि घरातले सगळे त्याला 'क्षिप्राचं शिवणयंत्र' म्हणू लागले. त्यामुळे सध्या ती सकाळी उठायची तीच रागावलेली. (चहा झाला की तो राग नीट जागेवर बसायचा.)

तिला कार्यशाळेसाठी मागची खोली हवी होती. बाबांना, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक यज्ञेश्वर यांना, तीच खोली पर्यटकांना द्यायची होती.

"बाहेरच्या चार माणसांनी याला काम म्हटलं, तर खोली तुझी," ते म्हणाले. "नाहीतर पुण्यातली नोकरी घे."

ती चार माणसं म्हणजे मुंबईतल्या विज्ञानकथा-वेशभूषा स्पर्धेचे परीक्षक, असं क्षिप्राने परस्पर ठरवून टाकलं.

वेश होता गुरूच्या एका चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात राहणाऱ्या पहारेकरणीचा. कवच धातूचं नव्हे, अंगावर उगवल्यासारखं हवं. फणसाची साल आणि कालवाचं शिंपलं यांचा संकर करून तिने खवले रचले. प्रिंटरने त्यांचे बावीस तुकडे तीन आठवडे छापले. ते जोडून त्यांवर सिलिकॉन ओतल्यावर खवल्याखवल्याचा ठसा घेतलेला मोठा, मऊ साचा निघाला. (सिलिकॉन कालवायला काकूच्या पाच स्टीलच्या पराती घेतल्या. विचारलं नव्हतं. साधनं सगळ्यांची असतात.)

"यात विष नाही ना गो?" अंबिकाकाकूने पराती पाहत विचारलं होतं.

"अजिबात नाही. बाळाच्या बाटलीचं निपल असतं ना, तेच हे."

आता साच्यात लॅटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे, थर दिले की कवच तयार. लॅटेक्स आणायला क्षिप्रा मांडव्याहून बोटीने मुंबईला गेली, आणि स्वस्तातलं शोधता शोधता तिचे तीन दिवस गेले. स्पर्धेच्या आदल्या दुपारी ती परतली, तर पडवीत साचा नाही. तो सापडला मागच्या अंगणात, खाटेवर, काकूच्या जुन्या पातळाखाली. साच्यात काठोकाठ आंब्याचा रस वाळत होता.

"काकू, हे काय आहे?"

"आंबापोळी. रायवळाची."

"हा साचा आहे. तीन आठवड्यांचं काम आहे. तुला जगात दुसरं काही मिळालं नाही?"

"मिळालं असतं. पाच पराती होत्या माझ्या," काकू शांतपणे म्हणाली. "सगळ्यांत तुझा चीक घट्ट झालाय. वैशाख काय माझ्यासाठी थांबतो?"

"निदान विचारायचं तरी."

"तू विचारलंस?"

क्षिप्राने आवाज वाढवला. या घरात कुणाच्या कामाला किंमत नाही, या देशात पोत कशाशी खातात हे कुणाला कळत नाही, असं बरंच काही ती बोलली. काकूने तोवर खाटेवरचा एक कावळा हाकलला.

"धुऊन देते तुझा साचा. ओत त्यात काय ओतायचंय ते."

क्षिप्राने तणतणत लॅटेक्सचा डबा उघडला. बोटीच्या उघड्या डेकवर तो बारा वाजताच्या उन्हात तिनेच ठेवला होता. आत खरवसासारखा गोळा झाला होता. तिने चमच्याने ढोसून पाहिलं, तर अख्खा गोळा चमच्याबरोबर वर आला.

तिने चमचा गोळ्यासकट परत डब्यात टाकला. खोली गेली, पुणं आलं.

काकूने मात्र बोटाला तेल लावून कडा सोडवली आणि आंबापोळी एका झटक्यात उचलली. अखंड, कातड्यासारखी लवचीक, मधाच्या रंगाची. फणसाचा प्रत्येक काटा, शिंपल्याची प्रत्येक रेघ तिच्यावर उमटली होती. उन्हापुढे धरल्यावर आतून उजळल्यासारखी दिसली. तीन वर्षांत क्षिप्राला असा पोत एकदाही साधला नव्हता. तिला आणखीच राग आला.

बाबा चष्मा पुसत आले. वाकून बघितलं, बोट फिरवलं. मग डाव्या खांद्याचा एक खवला तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"हं. याला काम म्हणतात," ते म्हणाले. "खोली दिली."

क्षिप्राचा चेहरा खुलला.

"अंबिकाला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधीच, क्षिप्राने ठरवलं: जायचं, आणि तेच कवच घालून जायचं. आंबापोळी छातीच्या मापाने कापून झाली, तुटलेल्या खवल्यापाशी लढाईतली जखम रंगवून झाली. मग तिने स्पर्धेचा अर्ज काढला, 'निर्मिती' या शब्दापुढचं स्वतःचं नाव खोडलं आणि तत्त्वासाठी प्राण द्यावा तशा मुद्रेने लिहिलं: अंबिका. त्याखाली, बारीक अक्षरात: मदतनीस, क्षिप्रा.

काकूने अर्ज लांब धरून वाचला.

"मदतनीस कसली गो?" ती म्हणाली. "तू तर तीन दिवस मुंबईत होतीस."