रकाना क्रमांक सात

भोपाळच्या बरखेड्यातल्या पिंकी कॅफेत सर्व समाजांचे लोक एकत्र बसून चहा पितात, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली. साहजिकच तिची तपासणी करणं क्रमप्राप्त झालं.

कॅफे म्हणजे पत्र्याची शेड, चार टेबलं आणि पिंकीने वडिलांच्या चहाच्या ठेल्यावर चढवलेली नवी पाटी. शेड रस्तारुंदीच्या रेषेत येत होती. मात्र ‘मोहल्ला समरसता कॅफे’ या सरकारी योजनेत मान्यता मिळाली, तर शेडला कुणी हात लावणार नव्हतं. त्यासाठी रोजच्या गिऱ्हाइकांची यादी हवी होती आणि रकाना क्रमांक सातमध्ये प्रत्येकाचा समाज.

“अंकल, आप ही भर दो ना,” पिंकी विनायकरावांना म्हणाली. विनायकराव करंबेळकर कारखान्याच्या स्टोअर्समधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, आणि हे ते न विचारता सगळ्यांना सांगत. त्यांनी पेन उघडलं. तेवीस नावं झरझर झाली. चोविसावं बडे भाईंचं होतं, तिथे गाडी अडली.

बडे भाई बावीस वर्षं इथेच, ठेला होता तेव्हापासून, विनायकरावांच्या समोरच्या खुर्चीत बसत. त्यांचा कुठला गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळी कोणती, जावई मिसरोदला घर घेताना कसा फसला, हे सगळं विनायकरावांना पाठ होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं, त्यामुळे समाजही. पहिल्या वर्षी विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं.

मग त्यांनी गुपचूप चौकशी आरंभली. बडे भाई ईदला शेवया आणत, पण होळीला गुजियाही आणत आणि नाताळला केक. बोलताना समोरच्याला ‘खां’ म्हणत, पण भोपाळात ते तर पिंकीही म्हणते. उपवासाचा विषय काढला, तर “डॉक्टर ने मना किया है” एवढंच उत्तर आलं. अखेर विनायकरावांनी नाव ‘बडे भाई’ असंच ठेवलं आणि रकान्यात लिहिलं : ‘सज्जन’.

योजनेचा अधिकारी गौरांग हा ग्वाल्हेरचा मराठी मुलगा. कागद बघून तो अवघडला. “काका, सज्जन हा समाज आपल्या लिस्टमध्ये नाहीये न.”

“मग अनिर्दिष्ट लिही.”

“लिहितो. पण अनिर्दिष्ट माणूस निर्दिष्टांच्या टेबलावर नाही बसू शकत, काका. पर्सेंटेज गडबडतं.”

मोजणीत गोंधळ नको म्हणून मग प्रत्येक समाजाला स्वतंत्र टेबल देण्यात आलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवण्यात आली. टेबलं चारच असल्याने काही समाज बाकड्यावर सामावले. बडे भाईंच्या वाट्याला नळाजवळचं स्टूल आलं.

पाहणी समिती आली. वीस मिनिटं कॅफेत कुणी चकार शब्द काढला नाही. जो तो आपल्या टेबलावरची चिठ्ठी वाचून आपण कोण आहोत हे समजून घेत होता. समितीच्या सुरुची मॅडमनी शेरा मारला, ‘संपूर्ण सलोखा. वाद शून्य.’ मग त्या म्हणाल्या, “फोटोसाठी जरा मिसळून बसा. झाला की आपापल्या जागी जा.”

फोटो झाला. बडे भाई उठले आणि गुडघा धरून नळाकडे निघाले. ते पाहून विनायकरावांनी यादी ओढली, स्वतःच्या नावापुढचा समाज खोडला, तिथे सुवाच्य अक्षरात ‘अनिर्दिष्ट’ लिहिलं आणि खुर्ची उचलून नळाशी नेली.

“घुटना कैसा है?”

“नल के पास बैठाओगे तो कैसा रहेगा, खां?” बडे भाई म्हणाले, आणि पिंकीला दोन कट चहा सांगितले.

पुढच्या दहा मिनिटांत यादी हातोहात फिरली आणि उरलेल्या बावीस रकान्यांतही खोडून ‘अनिर्दिष्ट’ लिहिलं गेलं. सगळे नळाशी दाटीवाटीने बसले आणि रोजच्यासारखं एकमेकांचं न ऐकता बोलू लागले. एकाच समाजाचे चोवीस लोक आढळल्याने विविधतेअभावी मान्यता नाकारावी, की हा नवाच समाज धरावा, याबद्दल गौरांगने वर मार्गदर्शन मागवलं आहे. उत्तर येईपर्यंत शेड पाडता येत नाही. हे उत्तर येत नसतं, हे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. तेव्हा कॅफे चालू आहे आणि विनायकराव मजेत आहेत.

बडे भाईंचं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. तुम्ही मात्र शेवया, गुजिया आणि केक यांवरून त्यांचा समाज केव्हाच ठरवून टाकला असेल. तसं असेल तर कृपया गौरांगच्या कार्यालयात जाऊन भेटा. रकाना क्रमांक सात भरायला तिथे माणसं कमी पडताहेत.