टेकडीचं पहिलं वर्ष

यंदा 'तत्त्वज्ञानाची ओळख' या विषयाला प्रवेश घेतला तो एकट्या टेकडीने. विद्यापीठाच्या पश्चिमेला ती आधीपासून होतीच. आता तिचं नाव हजेरीपटावर आलं.

प्रवेश विभागातल्या दस्तगीर बागवानांनी ही बातमी प्रा. सुलभा अंतरकरांना जिन्यात सांगितली. "मॅडम, वर्ग वाचला. एक जरी विद्यार्थी असला तरी विषय बंद करता येत नाही."

"पण ती वर्गात येणार कशी?"

"तिने यायची गरज नाही. तुम्ही खिडकी उघडी ठेवा. दिसली तर हजर. धुकं असलं तर गैरहजर."

अंतरकरबाई विद्यापीठाच्या वसाहतीत राहत. धाकटी बहीण वारल्यापासून घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. वर्गातही फारसं वेगळं नसे. आधीच्या वर्षांची मुलं मोबाइलकडे बघत आणि घंटेची वाट पाहत. टेकडी मात्र ऐकायची. संशयावरचं पहिलं व्याख्यान संपलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, मला कुणी बघत नसतं तेव्हा मी असते का?"

"तुला काय वाटतं?"

"रात्री मला कुणी बघत नाही. तेव्हा तर मी जरा जास्तच असते."

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. "मीसुद्धा," त्या म्हणाल्या. हे अभ्यासक्रमात नव्हतं.

दिवाळीनंतर ओळख आणि बदल हा भाग सुरू झाला. टेकडी म्हणाली, "माझी एक बाजू फोडून खडी नेली. त्या खडीचा रस्ता झाला. मग मी इथे आहे की रस्त्यावर?"

"कोणता रस्ता?"

"तुम्ही घरी जाता तो."

त्या दिवसापासून बाई घरी जाताना हळू चालू लागल्या.

पुढे त्या रविवारीही वर्ग घेऊ लागल्या. शिकवून झालं तरी खिडकीशी बसून राहत. घेवड्याची भाजी खारट झाली, बहिणीची आठवण आली, असलं काहीबाही सांगत. टेकडी आपल्याकडच्या ससाण्यांच्या घरट्याचं सांगे. बागवान कुलूप लावायला येत आणि दोघींचं बोलणं थांबेपर्यंत दाराबाहेर उभे राहत.

टेकडीला लिहिता येत नसल्यामुळे परीक्षा तोंडी झाली. तिची उत्तरं चांगली होती. निकालाआधी बागवान बाईंना म्हणाले, "मॅडम, पास झाली तर ती पुढच्या वर्गाला दुसरीकडे जाणार. आपल्याकडे एवढाच वर्ग आहे. नापास केलीत तर राहील. कुणी विचारणार नाही."

बाईंनी खिडकी उघडली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"नापास झालीस तर इथेच राहशील."

"तुम्हाला बरं वाटेल का, बाई?"

"वाटेल."

टेकडी म्हणाली, "पुढे काय शिकवतात, ते मला बघायचं होतं. पण तुम्ही ठरवाल ते."

बाईंनी तिला पहिला वर्ग दिला. बागवानांनी निकाल वाचला, शिक्का मारला आणि बाईंसाठी चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही.

टेकडी एका सकाळी निघाली. ससाणे तिच्यावर घिरट्या घालत बरोबर गेले. निरोप घ्यायला बाई फाटकापर्यंत आल्या होत्या. "बाई, रस्ता मी नेत नाही. तो तुम्हाला राहू दे," टेकडी म्हणाली. "नीट जा," बाई म्हणाल्या. आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर टेकडी शेतांपलीकडे पोचली होती.

पश्चिमेला आता आडवं काही नसल्यामुळे सूर्य उशिरा मावळतो. विद्यापीठाने ग्रंथालयाची वेळ वाढवली आहे. गावातल्या बायका वाळवणं उशिरा उचलतात, मुलं जास्त वेळ खेळतात. वाढलेला उजेड प्रत्येकाने कुठे ना कुठे लावला आहे. अंतरकरबाई चारलाच घरी येतात. पडदा ओढून घेतात आणि बाहेर अंधार पडायची वाट बघत बसतात.