बाईसाहेबांना हाक

आमचे आप्पाकाका माणसांना अरे-तुरे करतात आणि म्हशीला अहो-जाहो. ऑपरेशनच्या डॉक्टरांनासुद्धा त्यांनी "काय रं पोरा, कधी चालवतोस मला?" असं विचारलं होतं. म्हैस मात्र बाईसाहेब. "उठा बाईसाहेब. पाणी घ्या. आज मूड कुठं गेलाय?" काकूला त्यांनी या सुरात कधी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. काकूलाही नाही.

गोठ्यात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि राजारामपुरीतल्या दवाखान्यात नवीन बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, इतक्यात मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग म्हैस माळ्यावर चढवा," म्हणाले. "उभ्यानं धार काढतो."

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायला माझी, म्हणजे पुतणीची, नेमणूक झाली. काम लॅपटॉपवर आणि तोंड बंद, हे दोन्ही गुण घरच्यांना सोयीचे वाटले. उचगावच्या घरातल्या मागच्या खोलीत काका दोन पायांत उशी घेऊन उताणे पडलेले असत. वॉकर धरून दारापर्यंत जायचे आणि त्या वॉकरलाच शिव्या देत परत यायचे. मला म्हणायचे, "ए इंग्लिश मीडियम, बोलत जा की जरा. भिंत बरी, तिच्यावर पाल तरी असत्या."

खरी पंचाईत गोठ्यात होती. बाईसाहेबांना काकांशिवाय कुणाचा हात चालत नव्हता. काकू धारेला बसली की त्या पान्हा चोरायच्या, वर लाथ. काकांचा मुलगा दीपकदादा वैतागला. "मलकापूरचं गिऱ्हाईक हाय. देऊन टाकू."

ते ऐकून काकांनी पडल्या पडल्या खिडकीकडं तोंड केलं. तिथून गोठ्याचा फक्त पत्रा दिसतो. "ओ बाईसाहेब," ते ओरडले, "सोडा की आता. कशाला माझी अब्रू घालवताय?"

काकू तेव्हा धारेलाच बसली होती. लाथा थांबल्या. थोड्या वेळानं रिकाम्या बादलीत धार वाजली.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला काकू गोठ्यातून "हं, बोला" म्हणायची आणि काका खिडकीतून बोलायचे. शेजारी हसायचे. मलकापूरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं होतं.

मग तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं आता कायमचं बंद. घरी कॉटवर टेकल्यावर काका मला म्हणाले, "मी काय जन्मभर पुरतोय व्हय? मी गेलो की म्हशीला इकतील. तिला आत्ताच तुझ्या काकूचा हात शिकाय पायजे."

त्या संध्याकाळी काकू म्हणाली, "हं, बोला."

काका बोलले नाहीत.

"अहो, झोपलाय का?"

बाईसाहेब रेकायला लागल्या. काकांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातांत धरलं आणि छताकडं बघत राहिले. मी उठायला लागले, तर बोटानंच बस म्हणाले. बादली लवंडल्याचा आवाज आला. टॉवेल सुटला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. "रोज गाव गोळा करत हुता, आता काय कुलूप घातलंय तोंडाला?" काकू दारात येऊन भांडली. दूध तांब्याभरही निघेना. दीपकदादानं मलकापूरला पुन्हा फोन लावला. काकांनी तोही ऐकला.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी बाईसाहेब रेकल्या. थांबल्या. पुन्हा रेकल्या. मग बराच वेळ काहीच नाही. काकांच्या तोंडात टॉवेल होता आणि मी लॅपटॉप मिटून बसले होते.

बादलीत धार वाजली. आधी बारीक, मग भरून.

काकांनी टॉवेल काढला. त्यावर दातांची ओली खूण होती.

"बाईसाहेब घरातच ऱ्हायल्या," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. धार चालू होती तोवर ते ऐकत राहिले.

मग म्हणाले, "खिडकी लाव. आता कशाला उघडी ठिवायची."